शिवालयाचे तीर्थ आणि घुश्मेची पूजा

॥ श्री घृष्णेश्वर प्रसन्न ॥

सह्याद्रीच्या पूर्वेकडील डोंगररांगेच्या कुशीत, येळगंगेच्या परिसरात वेरूळ हे पुण्यक्षेत्र वसलेले आहे. छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर असलेल्या या क्षेत्री भगवान श्रीशंकर श्रीघृष्णेश्वर या नावाने ज्योतिर्लिंगरूपात विराजमान आहेत. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या परंपरागत क्रमात या स्थानाची गणना बारावी, म्हणजे शेवटची होते. सौराष्ट्रातील सोमनाथापासून सुरू झालेली यात्रा वेरूळच्या या गाभाऱ्यात पूर्ण होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. म्हणूनच अनेक यात्रेकरू अकरा स्थानांचे दर्शन घेऊन, आयुष्यभराचा संकल्प मनात बाळगून येथे येतात. काही जण पुत्रप्राप्तीची कामना घेऊन येतात, काही नवस फेडण्यासाठी येतात, तर काही जण गमावलेल्या आप्तांचे दुःख उराशी धरून येतात. श्रीघृष्णेश्वराच्या दारी या सर्वांना सारखाच प्रवेश आहे.

तथापि, रांगेत दोन-तीन तास उभे राहून गाभाऱ्यातील काही क्षणांचे दर्शन घेतल्यावर भाविकाने सोबत काय न्यावे, हा विचार प्रत्येकाने करणे इष्ट ठरते. प्रसादाची पुडी घरी पोचते, अंगारा देवघरात ठेवला जातो. परंतु ज्या आचारांच्या द्वारे देवाची सेवा घडली, त्यांचा अर्थ मनात उतरला नाही तर यात्रा अर्धीच राहते. या क्षेत्रीच्या प्रत्येक विधीचे मूळ एका स्त्रीच्या जीवनकथेत दडलेले आहे. ती स्त्री म्हणजे परमशिवभक्त घुश्मा होय. तिच्याच नावावरून या ज्योतिर्लिंगास घुश्मेश्वर असेही म्हटले जाते.

घुश्मेची कथा

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत ही कथा आली आहे. देवगिरीच्या सान्निध्यात सुधर्मा नावाचा एक वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण आपली पत्नी सुदेहा हिच्यासह राहत असे. घरात कशाचीही उणीव नव्हती, केवळ संततीचे सुख नव्हते. लोकांच्या बोलण्याने व्यथित झालेल्या सुदेहेने पतीला दुसऱ्या विवाहाचा आग्रह केला आणि आपल्याच नात्यातील घुश्मा हिला सवत म्हणून घरी आणले. लोकपरंपरेत घुश्मा ही सुदेहेची धाकटी बहीण मानली जाते. सवतीविषयी मनात कधी मत्सर येईल, ही शंका सुधर्म्याने त्याच वेळी बोलून दाखविली होती. आपल्या मनात तसे काही येणार नाही, असे सुदेहेने त्याला निक्षून सांगितले.

घुश्मा नित्य मातीची १०१ शिवलिंगे घडवी, त्यांची यथासांग पूजा करी आणि पूजा संपताच जवळच्या सरोवरात त्यांचे विसर्जन करी. एक लक्ष लिंगांची पूजा पूर्ण झाली आणि शंकराच्या कृपेने तिला पुत्र झाला. घरात आनंदीआनंद झाला. पण ज्या सुदेहेने आग्रहाने सवत आणली होती, तिच्याच मनात आता मत्सराचे बी रुजले. मुलगा वाढला, त्याचे लग्न झाले, सून घरात आली, तसतसा तो मत्सरही वाढत गेला. अखेर एका रात्री सुदेहेने त्या निद्रिस्त तरुणाचा वध केला आणि त्याचा देह त्याच सरोवरात टाकला, जेथे घुश्मा रोज लिंगे विसर्जित करीत असे.

पहाटे सुनेने अंथरुणावर रक्त पाहिले आणि घरात आकांत उसळला. त्या वेळी घुश्मा पूजेस बसली होती. तिने पूजा अर्धवट सोडली नाही. ज्याने पुत्र दिला तोच त्याचे रक्षण करील, असा भाव मनात धरून तिने नित्यक्रमाप्रमाणे पूजा पूर्ण केली, लिंगे घेतली आणि सरोवराची वाट धरली. विसर्जन करून ती परतू लागली, तेव्हा काठावर तिचा पुत्र जिवंत उभा असलेला तिला दिसला. भगवान शंकर प्रकट झाले. सुदेहेच्या पापाने क्रुद्ध होऊन ते तिला शासन करण्यास सिद्ध झाले, तेव्हा घुश्मेने तिच्या रक्षणाची याचना केली आणि लोककल्याणार्थ देवाने येथेच वास करावा, हा एकच वर मागितला. तेव्हापासून देव येथे ज्योतिर्लिंगरूपाने वास करून आहेत आणि ते सरोवर शिवालय या नावाने प्रसिद्ध आहे.

या स्थानाच्या नावाविषयी आणखी एक कथा क्षेत्रपरंपरेत सांगितली जाते. माता पार्वती शिवालयाच्या जलात कुंकू कालवून ते तळहातावर घासत असता त्या घर्षणातून लिंग प्रकट झाले, म्हणून देवास कुंकुमेश्वर आणि घृष्णेश्वर ही नावे प्राप्त झाली. एका कथेत सौभाग्याचे लेणे ल्यावयास निघालेली जगन्माता आहे, दुसऱ्या कथेत एक सामान्य गृहिणी आहे. दोन्ही कथांत देव प्रकट होतो तो घरातील स्त्रीच्या नित्याच्या कृतीतून, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मातीचे लिंग : घडविणे आणि सोडणे

घुश्मेच्या पूजेस शास्त्रात पार्थिवपूजा म्हणतात. पृथ्वीपासून झालेले ते पार्थिव. दररोज १०१ लिंगे या हिशेबाने एक लक्ष संख्या पूर्ण होण्यास सुमारे ९९० दिवस, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षे लागतात. या पावणेतीन वर्षांत घुश्मेच्या हाताने एक लक्ष लिंगे घडली, परंतु संध्याकाळी तिच्या घरात त्यांपैकी एकही उरत नसे. जे प्रातःकाळी भक्तिभावाने घडविले, ते पूजा होताच पाण्यात सोडून रिकाम्या हातांनी घरी परतावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माती मळावयास बसावयाचे, हा तिचा नेम होता.

पाषाणाचे लिंग पिढ्यानुपिढ्या टिकते. मातीचे लिंग टिकावे म्हणून घडविलेलेच नसते. त्यात जो देव आवाहन करून आणला, त्याला त्याच दिवशी निरोप द्यावयाचा असतो. भाद्रपदात गणेशाची मृण्मय मूर्ती विसर्जित करताना महाराष्ट्रातील प्रत्येक घर हाच अनुभव घेते. देवास आपल्या इच्छेने घरी ठेवून घेता येत नाही. घडविण्याचा अधिकार भक्ताचा आहे, धरून ठेवण्याचा नाही. ज्या स्त्रीने हा धडा एक लक्ष वेळा गिरविला होता, तिच्यावर पुत्रवियोगाचा प्रसंग आला, तेव्हा तिची बैठक ढळली नाही, याचे रहस्य या नित्याच्या विसर्जनात आहे.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उत्पन्न होते. घरात मुलाचे रक्त सांडले असता जी माता पूजा सोडून उठत नाही, तिचे हृदय कठोर म्हणावे काय? कथेचा बारकाईने विचार केल्यास उत्तर वेगळे येते. घुश्मेच्या पूजेतूनच तो पुत्र आला होता. मुलगा आणि पूजा या तिच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. संकटाच्या क्षणी माणूस ज्याचा आधार घेतो, तोच त्याचा खरा देव असतो. घुश्मेने त्या क्षणी ज्याला धरले होते, त्याला सोडले नाही, एवढाच या प्रसंगाचा अर्थ आहे. दुःख झाले नाही म्हणून ती बसून राहिली नाही. दुःख पेलण्यासाठी तिच्यापाशी तेवढे एकच आसन होते.

जलधारा आणि रुद्रपाठ

श्रीघृष्णेश्वराच्या सेवेत अभिषेकास प्रमुख स्थान आहे. शंकरास अभिषेक प्रिय, अशी आपल्याकडे रूढ उक्ती आहे. अभिषेकाचे जल पिंडीवर क्षणभरही थांबत नाही. माथ्यावर पडते, शाळुंखेत उतरते आणि पन्हळीतून वाहून जाते. अर्पण केलेले जल देवाच्या अंगावरून ओघळून पुढे जाते, हेच अभिषेकाचे मर्म आहे. अहंकाराने केलेला संचय साचतो आणि कुजतो, अर्पण केलेले वाहते आणि निर्मळ राहते. धार अखंड असावी, असा संकेत आहे, कारण स्मरणही अखंड असावे. पात्रातून पडणारी धार बारीक असली तरी चालते, मात्र ती तुटू नये.

अभिषेकसमयी ब्रह्मवृंद रुद्राचे पठण करतात. कृष्णयजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेतील रुद्रप्रश्नाचे नमक आणि चमक असे दोन भाग प्रचारात असून प्रत्येकात ११ अनुवाक आहेत. नमकाची ११ आवर्तने म्हणजे एकादशनी, १२१ आवर्तने म्हणजे लघुरुद्र, १३३१ म्हणजे महारुद्र आणि १४६४१ म्हणजे अतिरुद्र, अशी ही चढती श्रेणी आहे. देणगीदार भाविक आपापल्या शक्तीप्रमाणे या सेवा करवून घेतात. त्या वेळी मंत्रांच्या अर्थाकडेही थोडे लक्ष द्यावे. नमकामध्ये ऋषी रुद्राला वंदन करतात, ते केवळ कैलासावरील देव म्हणून नव्हे. सुतार, रथ घडविणारा, लोहार आणि मातीला आकार देणारा कुंभार यांच्या रूपात असलेल्या रुद्रालाही तेथे नमस्कार आहे. इतकेच काय, चोरांच्या अधिपतीच्या रूपातही ऋषींना तोच दिसतो. ज्या मंत्राने देवाचा अभिषेक होतो, त्याच मंत्रात श्रमिकांनाही वंदन आहे आणि समाजाने टाकलेल्यांनाही. मंदिराबाहेर बेलफुले विकणाऱ्या बाईशी, सामान वाहणाऱ्या हमालाशी किंवा रांगेतील अनोळखी वृद्धाशी उर्मटपणे बोलून आत येऊन लघुरुद्र करविणे, हे त्या मंत्राशी विसंगत ठरते.

बेल, भस्म आणि उघडे अंग

बिल्वपत्र त्रिदल असते. ही तीन दले म्हणजे सत्त्व, रज आणि तम हे तीन गुण, अथवा शंकराचे तीन नेत्र, असे शास्त्रकार सांगतात. बेल पालथा वाहण्याची रीत आहे, म्हणजे पानाची गुळगुळीत बाजू पिंडीला टेकते. तीन दले एकाच देठावर जोडलेली असतात, ती वेगळी करून वाहिली जात नाहीत. मनुष्याच्या स्वभावातील चांगले-वाईट असे सगळेच एका देठाने देवाच्या चरणी ठेवावयाचे असते. त्यातील चांगले तेवढे निवडून अर्पण करणे कोणासही शक्य नाही. इतर फुले शिळी झाल्यावर देवास चालत नाहीत, परंतु वाहिलेला बेल धुऊन पुन्हा वाहिला तरी चालतो, अशी परंपरा आहे. ज्याच्या घराशेजारी बेलाचे झाड नाही, त्या दरिद्री भक्ताचीही पूजा अडू नये, हा त्यामागील दयाभाव स्पष्ट आहे.

भस्म हे सर्व वस्तूंचे अखेरचे रूप होय. लाकूड असो, वस्त्र असो, राजाचा देह असो वा रंकाचा, अग्नीतून गेल्यावर उरते ती मूठभर राख. कपाळी भस्माचे तीन पट्टे ओढताना भाविक आपल्या अखेरच्या रूपाचे स्मरण करतो आणि त्या स्मरणाने भिण्याऐवजी शांत होतो. जो देव स्वतः स्मशानातील भस्म अंगास लावतो, त्याच्या दारी मृत्यूचे नाव अमंगल ठरत नाही.

श्रीघृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात प्रवेश करताना पुरुषांनी सदरा, बनियन व कमरपट्टा काढून उघड्या अंगाने जाण्याचा प्रघात आहे. दूरवरून आलेल्या काही भाविकांना याचे आश्चर्य वाटते. वस्त्रावरून माणसाची श्रीमंती, पद आणि प्रतिष्ठा कळते. ती उतरवून ठेवल्यावर उद्योगपती कोण आणि शेतमजूर कोण, हे ओळखता येत नाही. नवजात बालक जसे उघड्या अंगाने मातेच्या कुशीत येते, तसे देवाच्या कुशीत शिरावयाचे असते. गाभाऱ्याला गर्भगृह म्हणतात ते याच कारणाने.

गाभाऱ्याकडे जाण्यापूर्वी नंदीचे दर्शन होते. नंदी बलाचे प्रतीक आहे, आणि तो बसलेला आहे. सामर्थ्य असूनही स्थिर राहणे आणि दृष्टी देवावरून न हलविणे, हे त्याच्याकडून शिकावयाचे. नंदीच्या दोन शिंगांमधून पिंडीचे दर्शन घेण्याच्या रीतीस शृंगदर्शन म्हणतात. प्रखर तेज थेट न पाहता भक्ताच्या आडून पाहावे, असा त्यात विनय आहे. शंकराची प्रदक्षिणाही अर्धीच घातली जाते. शाळुंखेचे जल ज्या मार्गाने बाहेर पडते, ती सोमसूत्राची मर्यादा न ओलांडता भाविक मागे फिरतो. देवाची शक्ती ज्या वाटेने वाहते ती वाट पायाखाली तुडवू नये, आणि सामर्थ्य असले तरी आपली सीमा ओळखून परतावे, हा संयमाचा पाठ त्यात आहे.

दानाचे माप

महाराष्ट्रात श्रावणी सोमवारचे माहात्म्य मोठे आहे. नवविवाहित स्त्रिया क्रमाने तांदूळ, तीळ, मूग, जव आणि पाचवा सोमवार आल्यास सातू, अशी शिवामूठ शंकरास वाहतात. मुठीत मावेल तेवढेच वाहावयाचे, हे त्या व्रताचे माप आहे. याच दिवसांत घरोघरी खुलभर दुधाची कहाणी सांगितली जाते. शंकराचा गाभारा दुधाने भरून टाकावा, असे एका राजाच्या मनात येते. तो नगरातील सगळे दूध देवळात आणण्याचा हुकूम सोडतो. मुलांना दूध मिळत नाही, वासरांना मिळत नाही, तरी गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी आपली लेकरेबाळे आणि गाईवासरे तृप्त करते, मग उरलेले खुलभर दूध भक्तिभावाने आणून वाहते, आणि गाभारा काठोकाठ भरतो.

देणगीदारांनी ही कहाणी सदैव ध्यानी ठेवण्यासारखी आहे. देवास दूध नको होते असे कहाणी सांगत नाही. कोणाच्या तोंडचे काढून आणलेले दूध देवास पोचत नाही, एवढेच ती सांगते. मुलाच्या शिक्षणाचा खर्च थांबवून, वृद्ध आईवडिलांचे औषध टाळून अथवा मजुराची मजुरी बाकी ठेवून केलेले दान पावतीपुस्तकात लिहिले जाते, परंतु गाभारा त्याने भरत नाही. घरच्यांना तृप्त करून उरलेल्यातून श्रद्धेने वाहिलेला एक रुपयाही श्रीघृष्णेश्वरास पावतो.

या क्षेत्रास थोर दात्यांची परंपरा लाभली आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांचे घराणे वेरूळचेच. भोसले घराण्याची गढी या गावी होती. मालोजीराजांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या काळी मंदिरास आजचे रूप प्राप्त झाले. तांबड्या पाषाणातील कोरीव काम, २४ खांबांचा सभामंडप आणि शिखरावरील दशावतारांची शिल्पे पाहून आजही भाविकांचे नेत्र सुखावतात. शिवाच्या मंदिरावर विष्णूचे दशावतार कोरलेले असावेत, यातच हरिहरांच्या ऐक्याची शिकवण आली. शिवालय तीर्थाच्या चारी बाजूंचे दगडी घाट आणि त्यांतील ८ लहान देवळे हीदेखील त्याच पुण्यकर्माची साक्ष देतात.

अहिल्यादेवींचे दुःख आणि भक्ती

घुश्मेची कथा ऐकताना काही भाविकांच्या मनात एक वेदना उमटते. घुश्मेचा पुत्र परत आला, परंतु आपला का आला नाही? आपण पूजा कमी केली काय? या प्रश्नाला पोथीतून उत्तर देण्यापेक्षा, या मंदिराची पुनर्बांधणी करणाऱ्या मातेच्या जीवनाकडे पाहणे अधिक उचित होय.

अहिल्यादेवींचे पती खंडेराव इ. स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात धारातीर्थी पडले. पित्याप्रमाणे पाठीशी उभे राहिलेले सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले. एकुलता एक पुत्र मालेराव १७६७ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तला. कन्या मुक्ताबाई १७९१ मध्ये पतीमागे सती गेली. अहिल्यादेवी निस्सीम शिवभक्त होत्या. राज्यकारभार त्या श्रीशंकराच्या नावाने चालवीत. त्यांच्या महेश्वर नगरीत मातीची शिवलिंगे घडवून, पूजून नर्मदेत विसर्जित करण्याची लिंगार्चनाची परंपरा त्यांच्या काळापासून चालत आली आहे. म्हणजे घुश्मा जे वेरूळला करीत होती, तेच अहिल्यादेवी महेश्वरला करवीत होत्या. तरीही नर्मदेच्या काठावर त्यांचा पुत्र परत येऊन उभा राहिला नाही.

तथापि त्यांची पूजा थांबली नाही. पुत्र गमावल्यानंतरच्या सुमारे २८ वर्षांत त्यांनी प्रजेचे पालन पोटच्या मुलांप्रमाणे केले. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभारले, ठिकठिकाणी घाट बांधले, विहिरी खोदल्या, अन्नछत्रे चालविली. ज्या देवाने आपला पुत्र परत दिला नाही, त्याच देवाचे हे मंदिर, जेथे दुसऱ्या एका मातेला पुत्र परत मिळाल्याची कथा सांगितली जाते, त्यांच्याच पुण्याईने आज उभे आहे. दुसऱ्याचे सुख आपल्याला लाभले नाही म्हणून सुदेहा मत्सराने जळाली. अहिल्यादेवींनी दुसऱ्या मातेच्या सुखाच्या स्मृतीवर कळस चढविला. या दोन वाटांमधील अंतर ज्याला उमगले, त्याला या क्षेत्राचा महिमा उमगला. घुश्मेच्या कथेचा आशय पूजेच्या बदल्यात इच्छित वस्तू मिळते असा घेतला, तर ती केवळ देवघेव ठरेल. वस्तू मिळो अथवा न मिळो, ज्याचा हात धरला तो सोडावयाचा नाही, हा तिचा खरा आशय आहे. अहिल्यादेवींच्या चरित्राने तोच इतिहासात सिद्ध करून दाखविला.

कैलासाचा कळस

मंदिरापासून जवळच वेरूळची जगप्रसिद्ध लेणी आहेत. १९८३ मध्ये त्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. त्यांतील १६ व्या क्रमांकाचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी, आठव्या शतकात, अखंड डोंगर वरून खाली कोरीत साकारले गेले. त्याविषयी मराठीतील कृष्ण याज्ञवल्कीकृत कथाकल्पतरू या ग्रंथात एक कथा आली आहे. राजाचा रोग बरा व्हावा म्हणून राणीने घृष्णेश्वराला नवस बोलला आणि मंदिराचा कळस दृष्टीस पडेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत धरले. मंदिर बांधण्यास वर्षे लागतील आणि राणी उपाशी राहील, अशी चिंता पडली असता पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने डोंगर माथ्यापासूनच कोरण्यास आरंभ केला आणि थोड्याच दिवसांत राणीला कळस दाखविला.

कथा लोकपरंपरेची असली तरी तिच्यातील बोध चिरंतन आहे. राणीला कळस दिसला आणि तिचे व्रत सुटले. परंतु कारागिरांचे काम त्या दिवशी संपले नाही, सुरू झाले. यात्रेचेही तसेच आहे. भाविकाला गाभाऱ्यात जे दर्शन घडते, तो कळस होय. त्याखालचे सारे मंदिर, म्हणजे आचरण, घरी परतल्यावर वर्षानुवर्षे, छिन्नीच्या एकेका घावाने कोरावयाचे शिल्लक असते.

शिवालयाच्या काठावर

दर्शनानंतर भाविकांनी शिवालय तीर्थास अवश्य जावे. कथेतील सरोवर तेच. घुश्मेने ज्या जलात लिंगे सोडली, त्याच जलात सुदेहेने आपले पाप टाकले होते. एकाच तीर्थाने पूजाही घेतली आणि अपराधही घेतला. आणि त्याच काठावर या कथेतील सर्वांत कठीण पूजा घडली.

देव समोर उभे होते. न्याय घुश्मेच्या बाजूने होता. तिने काही बोलावयाचीही आवश्यकता नव्हती, मौन राहिली असती तरी सुदेहेस शासन झाले असते. त्या क्षणी घुश्मेने तोंड उघडले ते अपराधिनीच्या रक्षणासाठी. देवाच्या दर्शनाने पापे नष्ट होतात असे म्हणतात, तर मग तुमचे दर्शन घडत असता तिचे पाप कसे उरावे, असा तिच्या विनवणीचा भाव होता. अपकार करणाऱ्यावरही उपकार करावा, ही तिची निष्ठा पाहून देव अधिक प्रसन्न झाले. पुत्र मिळाला तो पूजेमुळे, परंतु देव येथे कायमचे राहिले ते या क्षमेमुळे. पुराणकथेच्या अखेरीस सुदेहेस पश्चात्ताप होतो आणि त्या कुटुंबातील सर्वांची मने परस्परांविषयी निर्मळ होतात.

सुदेहा कोणी राक्षसी नव्हती. तिने स्वतः आग्रह धरून घुश्मेला घरी आणले होते. मत्सर परक्याविषयी क्वचितच उत्पन्न होतो, तो एकाच चुलीवर जेवणाऱ्यांत उत्पन्न होतो. शेताच्या बांधावरून, घराच्या वाटणीवरून, आईच्या दागिन्यांवरून अथवा लग्नातील मानपानावरून भावाभावांत आणि बहिणीबहिणींत वर्षानुवर्षे अबोला असल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आढळतात. असा अबोला मनात ठेवून बारा ज्योतिर्लिंगांची यात्रा पुरी करता येते, परंतु घुश्मेश्वराचे दर्शन पुरे होत नाही.

म्हणून शिवालयाच्या पायऱ्यांवर भाविकाने क्षणभर थांबावे. ज्याने आपला अपराध केला त्याचे, अथवा ज्याचा आपण अपराध केला त्याचे नाव मनात आणावे. घुश्मेने मातीचे लिंग जसे हलक्या हाताने पाण्यावर सोडले, तशी ती आढी सोडून द्यावी. एका दिवसात ती सुटली नाही तर निराश होऊ नये. घुश्मेलाही ९९० दिवस तोच नेम करावा लागला होता. घरी पोचल्यावर प्रसादाचा पहिला वाटा त्या तुटलेल्या नात्याच्या दारी पोचवावा. तोच यात्रेचा उत्तरविधी होय, आणि त्यासाठी कोणत्याही पावतीची आवश्यकता नाही.

श्रीघृष्णेश्वर सर्व भाविकांच्या घरी सुख, शांती व परस्परप्रेम नांदवोत, दुःखितांना धैर्य देवोत आणि सर्वांच्या हातून अखंड सेवा करवून घेवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीघृष्णेश्वरार्पणमस्तु ॥
॥ हर हर महादेव ॥